ब्रिटिश पॉप संगीताची धार खरंच गेली का?

प्रश्न असा आहे: "बीटल्स, पिंक फ्लॉइड, क्वीन देणाऱ्या ब्रिटनमध्ये आता नुसते बीट आणि बडबड उरली आहे. ब्रिटिश पॉप संगीतातली सर्जनशीलता संपली का?"

नाही, संपलेली नाही. एवढं उत्तर पुरलं असतं. पण "नुसते बीट आणि बडबड" हे चार शब्द मी २००३ साली सांगलीत आमच्या स्वयंपाकघरात ऐकलेत, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून, आणि ते अजून सलतात. त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी मिरजेत नर्सिंग केलं आणि २००१ च्या शेवटी लंडनला आले. तेव्हा इकडे नर्सेसची टंचाई होती, भारतातून भराभर भरती चालली होती. अ‍ॅडॅप्टेशनचे महिने, म्हणजे इकडच्या पद्धती शिकायचे, संपल्यावर पूर्व लंडनमध्ये बो नावाच्या भागात, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर आम्हा तिघींना मिळून एक फ्लॅट मिळाला. मला सलग नाइट लागल्या होत्या. सकाळी साडेआठला घरी यायचं, रात्रीची भाजी-पोळी खायची, पडदे ओढून आडवं व्हायचं. आणि दुपारी साडेतीनला भिंत सुरू व्हायची. भिंतच म्हणते, कारण तो आवाज कानाला येत नव्हता, गादीखालून येत होता. स्टुलावर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी थरथरायचं.

दोन आठवडे सहन केलं. तिसऱ्या आठवड्यात गाउनवरच जाऊन शेजारचं दार वाजवलं. सोळा वर्षांचा मुलगा. शाळेचा टाय सैल केलेला, हातात प्लेस्टेशनचा कंट्रोलर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सॉरी आँटी, बंद करतो, कौन्सिलला सांगू नका." त्याची आई घानाची, वृद्धाश्रमात नाइट करायची. ती झोपेतून उठून कामाला लागली की त्याची खोली त्याची. म्हणजे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना रात्रपाळीच्या बायका झोपत होत्या, आणि त्या मुलाकडे दिवसातले जेमतेम तीन तास होते.

मी भांडायला गेले होते, पण नजर टीव्हीवर गेली. मला वाटलं होतं गेम असेल. पडद्यावर रंगीत ठोकळ्यांच्या ओळी होत्या, डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या. 'म्युझिक २०००' नावाचं प्लेस्टेशनचं सॉफ्टवेअर, हे नंतर कळलं. मुलगा कंट्रोलरच्या बटणांनी एकेक ठोकळा ठेवत होता. किक इथे, टाळी तिथे, आणि मधे भलामोठा रिकामा पट्टा. त्या रिकाम्या जागेत खालून एकच जाड सूर घसरत यायचा. माझे वडील सांगलीत हौशी नाटक मंडळींना तबल्याची साथ करायचे. मात्रा मोजायची सवय मला लहानपणापासूनची. मी उभ्याउभ्या बोटांवर मोजायला लागले आणि तीनदा चुकले. चौथ्यांदा कळलं की ठेका सरळ चारचाच आहे, पण जिथे ठोका पडेल असं कानाला वाटतं तिथे त्याने मुद्दाम जागा सोडलीय. मिनिटाला एकशेचाळीसचा वेग, आणि तरी ऐकताना सगळं अर्ध्या गतीने चालल्यासारखं.

मी त्याला विचारलं, "ही जागा कशाला सोडलीस?"

तो म्हणाला, "बोलणाऱ्यासाठी."

हे उत्तर मी आजवर विसरलेले नाही. आमच्याकडे साथीदाराला हे कळायला दहा वर्षं जातात.

मग मी त्याला हातावर तिहाई वाजवून दाखवली. तीनदा तोच तुकडा, आणि तिसऱ्याचा शेवटचा धा नेमका समेवर. पोरगा खुर्चीतून उठला. "परत करा." मी परत केली. "आँटी, परत." पुढच्या आठवड्यात भिंतीतून माझी तिहाई आली. हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमच्या झांजांवर, तिहेरी, आणि समेच्या जागी तो जाड सूर. त्या दिवशी मी झोपले नाही. ऐकत पडले.

ह्या संगीताला पुढे ग्राइम म्हणायला लागले. तेव्हा त्याला धड नावसुद्धा नव्हतं. ते वाजायचं पायरेट रेडिओवर, म्हणजे विनापरवाना केंद्रांवर. टॉवरच्या गच्चीवर रातोरात अँटेना चढायचे, सरकारी माणसं येऊन काढायची, दोन दिवसांनी दुसऱ्या टॉवरवर पुन्हा चढायचे. रिन्स एफएम हे त्यातलं एक, १९९४ पासूनचं. त्याला रीतसर परवाना मिळाला तो २०१० मध्ये. आणि रेकॉर्ड मिळायच्या रोमन रोडवर 'ऱ्हिदम डिव्हिजन' नावाच्या छोट्या दुकानात, वर नावसुद्धा न छापलेल्या, कोऱ्या पांढऱ्या लेबलच्या. बो भागातलाच वायली नावाचा संगीतकार स्वतःच्या रेकॉर्ड अशाच विकायचा; त्याची 'एस्किमो' २००२ मध्ये अशीच आली. आठ नंबरची बस त्याच रस्त्याने जायची. ड्यूटीला जाताना खिडकीतून ती शाळेच्या गणवेशातली गर्दी दिसायची.

आता ही तारीख लक्षात ठेवा. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक आठवडा असा आला की त्यात एकही ब्रिटिश गाणं नव्हतं. १९६३ नंतर पहिल्यांदा. इकडच्या वर्तमानपत्रांत रडारड झाली: संपलं, ब्रिटिश संगीत संपलं. तुम्ही जे विचारताय तेच. आणि त्याच वसंतात माझ्या भिंतीपलीकडे, पंचवीस वर्षांत झालं नव्हतं असं काहीतरी जन्माला येत होतं, तेही कंट्रोलरवर. यादी बघणाऱ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. यादीत गोष्टी शेवटी येतात.

मे २००३ मध्ये मी पहिल्या सुट्टीवर सांगलीला गेले. निघताना त्या मुलाने एक कॅसेट दिली, रेडिओवरून उतरवलेली. एका बाजूला इतरांचं, दुसऱ्या बाजूला त्याचे स्वतःचे दोन ट्रॅक, त्यातल्या एकात माझी तिहाई. "तुमच्या घरी ऐकवा," म्हणाला.

माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. तो ऐंशीच्या दशकात पुण्याला इंजिनिअरिंगला होता. तिथून त्याने जे आणलं त्यावर मी वाढले. बीटल्स मला दादाने ऐकवले. पिंक फ्लॉइड दिवे मालवून ऐकायचं हे दादाने शिकवलं. त्याच्याकडे रेकॉर्ड आहेत, चांगला डेक आहे, लाकडी स्पीकर आहेत. धूळ बसू नये म्हणून आईच्या जुन्या रेशमी साडीचे तुकडे त्यावर घातलेले असतात. ह्या माणसाला कॅसेट ऐकवायची म्हणून मी सुट्टीची वाट बघत होते.

दादाने कॅसेट हातात घेऊन फिरवली. "रेडिओवरून केलेली? डेकमध्ये नको. असल्या कॅसेटने हेड खराब होतं." म्हणून ती लागली स्वयंपाकघरातल्या टू-इन-वनवर, जिच्यावर आई सकाळी सांगली आकाशवाणी ऐकायची. जेमतेम एक मिनिट झालं असेल. दादाने स्टॉप दाबलं. "हे गाणं आहे? नुसते बीट आणि बडबड. ब्रिटिश लोक गाणं विसरले." आणि कॅसेट काढून ओट्यावर ठेवली, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी.

मी तेव्हा वाद घातला, पण तो वाईट घातला. रडले. नीट मुद्दे सुचायला मला लंडनला परत यावं लागलं. ते आता लिहिते. दादाही हे वाचतो, मला माहीत आहे.

पहिला मुद्दा. दादा, ज्यांना तू गाणारे म्हणतोस त्यांनी तरी काय केलं होतं? लिव्हरपूल हे बंदर. तिथल्या पोरांनी अमेरिकेचं रॉक अँड रोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज उचललं आणि आपल्या पद्धतीने वाजवलं. रोलिंग स्टोन्सनी शिकागोचा ब्लूज घेतला. इंग्लंडातली धार नेहमी बाहेरून आलेल्या मालावरच चढलीय. १९४८ नंतर जमैका आणि आसपासच्या बेटांवरून माणसं आली, त्यांनी साउंड सिस्टिम आणल्या. कपाटाएवढे स्पीकर, एक रेकॉर्ड लावणारा, एक माइकवर बोलणारा. त्यातून कॉव्हेंट्रीत स्पेशल्स हा बँड आला. १९८१ च्या उन्हाळ्यात शहरांत दंगली चालू असताना त्यांचं 'घोस्ट टाउन' पहिल्या क्रमांकावर होतं. ब्रिस्टलमध्ये मॅसिव्ह अटॅक हा बँड आला, १९९१ चा त्यांचा पहिला अल्बम आज ऐकला तरी कालचा वाटतो. मग 'जंगल', 'ड्रम अँड बेस', 'गॅरेज' हे नाचाच्या संगीताचे प्रकार, आणि माझ्या भिंतीतून ग्राइम. ही एकच वंशावळ आहे. बीटल्सनंतर "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्याने ही अख्खी शाखा तोडूनच हिशेब मांडलेला असतो.

दुसरा मुद्दा बडबडीचा. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भावे १८४३ साली इथलेच. आपल्या वडिलांनी किती वेळा सांगितलंय की पद रंगलं की प्रेक्षक "वन्स मोअर" ओरडायचे आणि नट नाटकाची गोष्ट तिथेच थांबवून पद पुन्हा घ्यायचा. ग्राइममध्ये नेमकं हेच आहे. बोलणाऱ्याची ओळ बसली की लोक ओरडतात, डीजे रेकॉर्ड हाताने मागे ओढतो, ती चर्रकन आवाज करते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्याला रीलोड म्हणतात. ही रीत जमैकाची. मी एकदा त्या मुलाबरोबर त्यांच्या कम्युनिटी हॉलमध्ये गेले होते, एकाच ट्रॅकला चार वन्स मोअर मिळालेले पाहिलेत. त्या क्षणी मला बाबांची इतकी आठवण आली की मी बाहेर जाऊन उभी राहिले. शब्द, लय आणि ऐकणारा यांच्यात असा करार ज्या संगीतात आहे त्याला बडबड म्हणायचं असेल तर कीर्तनालाही म्हणा.

आजोबा म्हणायचे, बालगंधर्वांनंतर नाटकातलं गाणं संपलं. बालगंधर्व गेले जुलै १९६७ मध्ये, आणि त्याच डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं. वडिलांनी आयुष्यभर वसंतराव आणि अभिषेकींची गाणी साथीला घेतली, आणि आजोबांनी ती कधी पुरती ऐकली नाहीत. आमच्या घरात हे आधीही होऊन गेलंय.

आणि ज्याचा दादाला अभिमान वाटायला हवा होता ते राहिलंच. आशाताईंचा जन्म सांगलीचा. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जे गाणं होतं ते आशा भोसल्यांवर होतं: कॉर्नरशॉप या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. इंग्लंडात वाढलेल्या एका पंजाबी घरच्या मुलाने लिहिलेलं, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवरच्या आणि मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांनी फिरणाऱ्या त्या छोट्या रेकॉर्डवरच्या प्रेमातून. मूळ गाणं फार वर गेलं नव्हतं, नॉर्मन कुक या डीजेने त्याचा रीमिक्स केला तेव्हा पहिलं आलं. मी सांगलीची हे कळल्यावर वॉर्डातल्या एका गोऱ्या सिस्टरने मला ते गुणगुणून दाखवलं होतं, २००२ मध्ये, बेड बनवता बनवता. दादाला सांगितलं तर म्हणाला, "रीमिक्स ना?"

सप्टेंबर २००३ मध्ये मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा इकडचा मोठा मान, डिझी रास्कल या ग्राइमवाल्याच्या 'बॉय इन द कॉर्नर'ला मिळाला. बो भागातला मुलगा, वय अठरा. पहिले प्रयोग त्याने शाळेतल्या संगीताच्या वर्गातल्या कॉम्प्युटरवर केलेले. मी वर्तमानपत्रातलं कात्रण पाकिटात घालून दादाला पाठवलं. उत्तर आलं नाही. २०१४ मध्ये तो लंडनला आला तेव्हा अ‍ॅबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर, बीटल्सच्या अल्बमवर आहे त्याच, डोळे भरून उभा राहिला. मलाही भरून आलं, कारण त्या क्रॉसिंगवर मला त्यानेच आणून सोडलं होतं, सांगलीतून, लहानपणी. पण तिथून बो भागात चल म्हटलं तर म्हणाला, पाय दुखतायत.

आता प्रश्नाचा जो भाग खरा आहे तो. धार गेलेली नाही, पण धार लावायचे दगड एकेक करून उचलून नेले जातायत, आणि याबद्दल मला दादापेक्षा जास्त संताप आहे. बीटल्सचा जॉन लेनन लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजात होता, स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, किंक्स बँडचा रे डेव्हिस हॉर्न्सीच्या. गरीब घरची मुलं तेव्हा अनुदानावर तिथे जात, फी नव्हती. १९९८ मध्ये फी आली, २०१२ पासून वर्षाला ९००० पौंडांपर्यंत गेली. ऐंशीच्या दशकात बेकार तरुणांना स्वतःचा धंदा काढायला सरकार आठवड्याला ४० पौंड द्यायचं, त्यावर लोकांनी रेकॉर्ड कंपन्या काढल्या. आज त्या पैशात बो भागात एक रात्र राहता येत नाही. ऱ्हिदम डिव्हिजन २०१० मध्ये बंद पडलं, त्या जागी कॉफीचं दुकान आलं. गाण्याबजावण्याची छोटी ठिकाणं तर मरतायत: एकट्या २०२३ मध्ये १२५ ठिकाणी जिवंत संगीत थांबलं. बाथचं मोल्स त्याच डिसेंबरात गेलं, जिथे नाव होण्याआधी रेडिओहेड आणि ओएसिस हे बँड वाजवून गेले होते.

ग्राइमला तर पोलिसांनीच अडवलं. लंडनमध्ये २००५ पासून ६९६ नंबरचा एक फॉर्म होता; कार्यक्रम करायचा तर कोणत्या प्रकारचं संगीत आहे आणि कोणत्या वंशाचे लोक येणार हेसुद्धा त्यात विचारायचे. तो रद्द झाला २०१७ मध्ये. बारा वर्षं! ज्यांना हॉल मिळत नव्हता त्यांच्याबद्दल आपण विचारतो, ही मुलं मंचावर का दिसत नाहीत.

आणि हो, यादीतलं पॉप शिळं झालंय, हे मी मान्य करते. १९८४ चं 'लास्ट ख्रिसमस' २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं नाताळात पहिलं आलं. लोकांनी २०२५ मध्ये तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी ओएसिसच्या तिकिटांना महिन्याचा पगार घातला. गिटारवाल्या बँडमध्ये आता पैसेवाल्यांची मुलं जास्त दिसतात, तेही खरं, कारण चार जणांना वाजवायला जागा लागते आणि जागेला भाडं लागतं. ग्राइममध्येही पुढे नकलाकार झाले. सगळ्याच घराण्यांत होतात.

पण जिथे कुणी फुकट खोली आणि शिकवणारा माणूस दिला तिथे लगेच उगवतं. टुमॉरोज वॉरियर्स नावाचा उपक्रम १९९१ पासून लंडनमधल्या तरुणांना मोफत जॅझ शिकवतोय. तिथे घडलेल्या एझरा कलेक्टिव्ह या बँडला २०२३ चा मर्क्युरी मिळाला, जॅझ वाजवणाऱ्यांना पहिल्यांदाच. पुरस्कार घेताना ड्रमर हेच बोलला, की मुलांसाठी कुणीतरी वेळ दिला म्हणून आम्ही इथे उभे आहोत.

माझ्या शेजारचा मुलगा प्रसिद्ध झाला नाही. तो आता इलेक्ट्रिशियन आहे, त्याला दोन मुली आहेत. बरीच वर्षं तो दर गुरुवारी एका युथ क्लबमध्ये मुलांना बीट बनवायला शिकवायचा, मग कौन्सिलने पैसे कापले आणि क्लब बंद झाला. मागच्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, "आँटी, मला तीन तास आणि एक भिंत मिळाली होती. आता पोरांना तेवढीही मिळत नाही." त्याचं नाव इथे देत नाही, त्याला विचारलेलं नाही.

तुम्हाला ऐकायचंच असेल तर 'बॉय इन द कॉर्नर' आधी ऐका, मग बरियलचा २००७ चा 'अनट्रू', मग लिटल सिम्झचा २०२१ चा अल्बम, ज्याला पुढच्या वर्षी मर्क्युरी मिळाला. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हे सगळं संगीत तळातून येतं, चाळीस-पन्नास हर्ट्झवरून, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो आवाज बाहेर पडतच नाही. वर उरतात फक्त टिकटिक आणि शब्द. बीट आणि बडबड.

हे मला फार उशिरा लक्षात आलं. दादाने ती कॅसेट आईच्या टू-इन-वनवर ऐकली होती. त्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो जाड सूर आलाच नसणार. तिहाई संपल्यावर ज्या समेवर तो पडतो, ती सम दादाला ऐकूच आली नाही. त्याने अर्धं गाणं ऐकलं आणि पूर्ण निकाल दिला, आणि मी तेव्हा फक्त रडले.

कॅसेट माझ्याकडे आहे, पेन्सिलने गुंडाळून नीट ठेवलेली. डेक अजून चालतो असं वहिनी म्हणाली. मी डिसेंबरात सांगलीला येतेय. दादा, हेड साफ करायचं लिक्विड मी घेऊन येते.